वाचकांचे प्रश्न : पिकअपचे दणके, पाटे आणि हवा

या वेळच्या टपालात पिकअपच्या दणक्यांची तक्रार इतक्या जणांनी केली आहे की सदराची सगळी जागा तिलाच दिली. बहुतेक पत्रांत तीन गोष्टी सारख्या आहेत: मागे पाट्यांची कमान (एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), मुरमाचा किंवा नांगरटीलगतचा रस्ता आणि हाताशी थोडे पैसे. पाच पत्रे निवडली आहेत, पहिल्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझी पिकअप सात वर्षांची आहे. मागे सात पाटे आहेत. शेतापासून डांबरीपर्यंत चार किलोमीटर मुरमाचा रस्ता. माल भरला की गाडी बरी चालते, पण रिकामी परतताना मागून उडते आणि मुठीएवढ्या दगडावरूनही कंबरेत दणका बसतो. पाटेवाला म्हणतो नवा सेट टाका. माझ्याकडे फार तर आठ हजार रुपये आहेत. — शेतकरी, सिन्नर तालुका

नवा सेट टाकू नका. तोही तेवढाच कडक असणार, कारण तो भरलेल्या गाडीसाठीच बनवलेला असतो. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत, ती आधी वेगळी करू.

पहिले दुखणे उडण्याचे. रिकाम्या गाडीच्या वजनाने पाटा ४ सेंटीमीटर दबत असेल, तर गाडीची मागची बाजू सेकंदाला सुमारे अडीच वेळा खाली-वर होते. माल भरून तोच पाटा १२ सेंटीमीटर दबला की हा वेग सेकंदाला दीड वेळेच्या किंचित खाली येतो. माणसाला एक ते दीडपर्यंतचे हेलकावे सोसतात, अडीच सोसत नाहीत. हा मालगाडीचा स्वभाव आहे. तो पूर्ण जाणार नाही, मात्र शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) चांगले असतील तर पुष्कळ आवरतो.

दुसरे दुखणे दणक्याचे, आणि ते जवळजवळ नेहमी गंजाचे असते. पाटे एकमेकांवर सरकले तरच कमान वाकते. पाट्यांच्या मधे गंज आणि माती घट्ट बसली की लहान दगडाचा जोर ते घर्षण मोडायला पुरत नाही. मग सात पाट्यांची कमान एका जाड पहारीसारखी वागते आणि दणका थेट चासीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, जातो. मोठ्या खड्ड्यात मात्र जोर जास्त असल्याने ती हलते. म्हणूनच अशा गाड्या मोठ्या खड्ड्यापेक्षा बारीक खडीवर जास्त त्रास देतात.

तपासणी फुकट आहे. गाडी सपाट जागी उभी करा. दोघांनी मागचे फाळके दाबून हळूच सोडायचे आणि ॲक्सल ते चासी अंतर मोजायचे. मग तेच फाळके वर उचलून हळूच सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. दोन मापांत बोटभर फरक राहिला तर पाटे अडकलेले आहेत. पाट्यांच्या टोकांशी तांबूस भुकटी दिसत असेल तर शंकाच नको.

आता कामाचा क्रम. तो बदलू नका, कारण पाटे मोकळे झाले की आतापर्यंत उड्या थोपवणारे घर्षणही जाते. मेलेल्या शॉकअपवर पाटे मोकळे केले तर गाडी आधीपेक्षा जास्त नाचेल.

म्हणून आधी शॉकअप. खालचा बोल्ट काढून शॉकअप उभा धरा आणि पूर्ण दाबून पूर्ण ओढा, असे चार-पाच वेळा. आडवा पडून राहिलेल्या शॉकअपमध्ये हवा शिरलेली असते, त्यामुळे पहिल्या दोन झटक्यांवरून निकाल देऊ नये. ओढताना दाबण्यापेक्षा जास्त जोर लागला पाहिजे आणि तो वरपासून खालपर्यंत एकसारखा हवा. मधेच पोकळ जागा लागली किंवा तेल थेंबांनी गळत असेल तर तो गेला. दांड्याजवळ नुसता ओलसर थर असेल तर चालतो. बदलायचा तर डावा-उजवा दोन्ही, आणि कंपनीच्या मापाचाच. लांब शॉकअप खड्ड्यात आत पूर्ण दबून तळाशी आपटतो, आखूड शॉकअप पाटा खाली लटकताना ताणून तुटतो. तुमच्या आठ हजारांतला मोठा वाटा इथे जाऊ शकतो, आणि तो इथेच जावा.

मग शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती जोडणी) आणि बुश (तिथल्या पिनभोवतीची नळी). ग्रीस भरायचे निप्पल असतील तर जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत पंप मारा. ग्रीस आत जात नसेल तर जॅकने चासी उचलून पिनवरचा भार काढा आणि पुन्हा मारा, बहुतेक वेळा वाट सापडते. रबरी बुश असतील तर त्यांना ग्रीस नको. त्यांच्यात वेगळीच चूक होते: गाडी घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) असताना, चाके लटकत असताना मेकॅनिक बोल्ट पक्के आवळतो. गाडी खाली आली की रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते, पाटा जड होतो आणि बुश थोड्याच दिवसांत फाटतो. शेवटचा आवळ नेहमी चाके जमिनीवर असताना. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि कित्येक गाड्यांचा निम्मा दणका याने जातो.

आता पाटे खोलणे. आदल्या रात्री यू-बोल्टच्या (कमान ॲक्सलला आवळणाऱ्या बोल्टच्या) आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा, चासी मजबूत घोड्यांवर घ्या आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक ठेवा. फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, बघा. चासी आणि ॲक्सल यांच्यामधे ब्रेकच्या एलएसपीव्ही व्हॉल्व्हची (भारानुसार मागच्या ब्रेकचा जोर ठरवणाऱ्या व्हॉल्व्हची) दांडी असेल तर तिची जागा खुणेने पक्की करून मगच सोडा.

कमान बाहेर आली की सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) दोन्ही बाजूंना मोठे सी-क्लॅम्प आवळा आणि मगच बोल्ट काढा. पाट्यांत ताण साठलेला असतो. क्लॅम्पशिवाय बोल्ट काढला तर पाटे उसळून हात तोडू शकतात. क्लॅम्प दोन्हीकडून थोडे थोडे सैल करत जायचे. पाट्यांवर खडूने क्रमांक आणि पुढची दिशा लिहा.

प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी चकचकीत होईपर्यंत घासा. आडवी बारीक चीर दिसली तर तो पाटा बाद, वेल्डिंग नाही. पाट्याचे टोक वरच्या पाट्यात रुतून खाच पाडते. ती खाच म्हणजे पुढची चीर, म्हणून टोकाची धार ग्राइंडरने गोल करा, पण पाट्याचे पोलाद निळे पडेल इतके तापवू नका. निळे पडले तिथे पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, गेले. मग पातळ थरात ग्राफाइट ग्रीस लावा. जाड थर लावून उपयोग नाही, तो बाहेर येऊन माती धरतो.

याहून चांगला आणि तरीही स्वस्त उपाय म्हणजे टोकांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या. निळ्या ड्रमचे प्लास्टिक यासाठी उत्तम, कारण ते एचडीपीई (चिवट, घसरडे प्लास्टिक) असते. फुटक्या ड्रममधून पाट्यापेक्षा दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर रुंद आणि १० ते १२ सेंटीमीटर लांब तुकडे कापा. हॉट एअर गनने कडा मऊ करून पाट्याच्या टोकावर दुमडा, म्हणजे पट्टी सरकून बाहेर येत नाही. पट्टी बसवण्यासाठी पाट्याला भोक मात्र पाडू नका, पाटा तिथूनच तुटतो. खडीच्या चुऱ्यात या पट्ट्या झिजतात, पावसाळा संपला की एकदा बघाव्या लागतात.

जुळवताना पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपा पाट्यांना चिमटू नयेत, कागद आरपार सरकेल इतकी फट ठेवा. सेंटर बोल्ट नवा. यू-बोल्ट आणि त्यांचे नटही नवेच, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. सैल यू-बोल्टमुळे सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि ॲक्सल तिरका होतो. चारही नट कोपऱ्यासमोर कोपरा या क्रमाने, तीन-चार फेऱ्यांत, कंपनीने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. १०० किलोमीटरनंतर एकदा आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हे शेवटचे बहुतेक जण विसरतात.

कमानीवर जळके इंजिन ऑइल फवारण्याची पद्धत गॅरेजांत अजून आहे. दोन दिवस गाडी मऊ लागते, हे खरे. पण ते तेल धूळ धरून त्याचा घासणारा लेप बनवते, रबरी बुश फुगवते आणि ब्रेकच्या लायनरपर्यंत उडते. कृपया करू नका.

प्रश्न : मागचा एक पाटा कमी केला तर गाडी मऊ होईल का? आमच्याकडे बरेच जण करतात. — पिकअपचालक, मंगळवेढा

मऊ होईल, पण किती आणि कशाच्या बदल्यात, ते बघा. सात एकसारख्या जाडीच्या पाट्यांतला एक काढला तर कडकपणा साधारण १४ टक्के घटतो, आणि उरलेल्या सहांवरचा ताण साधारण १७ टक्के वाढतो. रिकाम्या गाडीत १४ टक्के फरक कंबरेला जेमतेम जाणवतो. भरलेल्या गाडीत १७ टक्के जादा ताण मात्र पाट्याला रोज जाणवतो. गाडी कधीही पूर्ण भरत असाल तर हा सौदा तोट्याचा आहे.

काढण्याआधी दोन गोष्टी नक्की तपासा. एक, पाटे मोजा आणि कंपनीच्या पार्ट कॅटलॉगशी ताडा. जुन्या घेतलेल्या पिकअपमध्ये आधीच्या मालकाने जादा माल ओढायला एखादा पाटा वाढवलेला असतो. तो काढणे म्हणजे गाडी मूळ स्थितीत आणणे, तेवढे जरूर करा. जाडीचा परिणाम घनाने वाढतो: १० मिलिमीटरचा एक पाटा ८ मिलिमीटरच्या जवळजवळ दोन पाट्यांएवढा कडक असतो. तेव्हा वाढवलेला एक जाड पाटाही सगळे बिघडवू शकतो.

दोन, सर्वांत खालचा सपाट हेल्पर पाटा बघा. गाडी रिकामी असताना त्याच्या टोकांशी फट हवी, भार आला की तो मदतीला यायला हवा. वरचे पाटे बसले (कमान जाऊन चपटे झाले) असतील तर हेल्पर रिकाम्या गाडीतही टेकलेला राहतो आणि गाडी कायम भरल्यासारखी कडक लागते. दोष हेल्परचा नाही, वरच्या पाट्यांचा आहे. ते पाटे नुसते थंड ठोकून वर आणले तर काही महिन्यांत पुन्हा बसतात. भट्टीत तापवून, तेलात विझवून पुन्हा पाणी देणाऱ्या कारखान्यातच द्या. गॅसच्या नळीने जागेवर तापवून वाकवलेला पाटा तिथेच मरतो.

पहिला, म्हणजे सर्वांत वरचा, पाटा आणि त्याच्या डोळ्याला (टोकाच्या गोल वळशाला) आधार देणारा दुसरा पाटा कधीच कमी करू नका. पहिला तुटला तर दुसराच ॲक्सल जागेवर धरतो. कमानीची उंची कमी झाली की एलएसपीव्ही व्हॉल्व्हला गाडीवर जास्त माल आहे असे वाटते आणि मागच्या ब्रेकला गरजेपेक्षा जास्त जोर मिळतो. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरते ती अशीच. पाट्यांचे कोणतेही काम झाले की या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाला लावून घ्या.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार करता येत नाही. आणि पाटे वाढवले म्हणून आरसीवरची वहनक्षमता वाढत नाही. जादा भाराला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

प्रश्न : कच्च्या रस्त्यावर टायरची हवा कमी करावी का? किती? शिवाय पावसाळ्यात ७०च्या वेगाला थरथर होते. — दूध संकलन वाहनाचे मालक, अकोले

करावी, पण आधी मुळात किती भरता ते बघा. बहुतेक मालक भरलेल्या गाडीचा आकडा बारा महिने ठेवतात. दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. रिकाम्या फेरीला रिकाम्याचाच आकडा ठेवणे, हा या सगळ्या सदरातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि बारीक खडीचा हादरा पाट्यापर्यंत पोचण्याआधी तिथेच मरतो.

निम्मा माल, कच्चा रस्ता आणि ताशी ३० किलोमीटरच्या आतला वेग असेल तर भरलेल्या आकड्यातून २० ते २५ टक्के कमी करता येते. भरलेल्याचा आकडा ६० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असेल तर ४५ ते ४८. त्याखाली नको. दगड टायरची बाजू कापतो, आणि ट्यूबच्या टायरमध्ये टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. गाडी पूर्ण भरलेली असेल तर हवा अजिबात कमी करू नका. डांबरीवर येण्याआधी परत भरा. कमी हवेचा टायर वेगात आतून तापतो आणि महामार्गावर फुटतो.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. अर्धा-पाऊण तास डांबरीवर चालवून पुन्हा मोजल्यावर ४ ते ६ पीएसआयपेक्षा जास्त वाढलेली दिसली तर थंड असताना ती कमी होती. स्वतःचा कॉम्प्रेसर घ्यायचा तर बॅटरीला चिमट्याने जोडायचा घ्या. लायटरच्या सॉकेटवरचे छोटे पंप ६० पीएसआयपर्यंत नेताना दमतात आणि फ्यूज उडवतात. इंजिन चालू ठेवूनच वापरा.

तुमच्या पत्रातला ‘पावसाळ्यात ७०च्या वेगाला थरथर’ हा मुद्दा मात्र पाट्याचा नाही. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती चिकटून वाळते आणि चाकाचा तोल जातो. रिम आतून धुऊन पुन्हा चालवून बघा, बॅलन्सिंगला पैसे नंतर.

प्रश्न : द्राक्षांची मणीगळ वाटेत होते. हौद्यात फोमची गादी टाकली, तरी फरक नाही. — बागायतदार, निफाड

गादी काढा. मऊ फोम क्रेटच्या वजनाने पूर्ण दबतो, आणि दबला नाही तर क्रेटना आणखी झुलवतो. त्याऐवजी गोठ्यात गाईंखाली घालतात ती रबरी मॅट टाका. मोठे दणके तिने जाणार नाहीत, पण पत्र्याची थरथर आणि क्रेटची घसरण थांबते.

सगळ्यात जास्त मार बसतो तो सर्वांत वरच्या थरातल्या क्रेटना, आणि त्यातही मागच्या फाळक्याजवळच्यांना. वर दाबायला काही नसते, त्यामुळे प्रत्येक दणक्याला घड हवेत उठून आपटतात. वरच्या क्रेटवर पातळ फोम आणि त्यावर प्लायवूडची फळी ठेवून रॅचेट पट्ट्याने आवळा, घड हलणार नाहीत इतकेच, चिरडतील असे नाही. क्रेटमधल्या फटी रिकाम्या क्रेटने किंवा पुठ्ठ्याने भरा. माल कमी असेल तर तो केबिनच्या बाजूला लावा. मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबणारा माल गाडीला झोके देतो आणि पुढचे चाक हलके करतो. पाटे मोकळे करणे आणि हवा, हे वर आलेच आहे. दोन्ही केल्याशिवाय नुसत्या बांधणीवर विसंबू नका.

प्रश्न : माझ्या टाटा झेनॉन पिकअपला पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) आहेत. खड्ड्यात बंपर घासत होता म्हणून बोल्ट आवळून पुढची बाजू दोन इंच उचलली. आता गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘खाड’ असा आवाज येतो. बार कडक झाले का? — वाचक, कणकवली

बार कडक झालेले नाहीत. बोल्ट आवळल्याने बारचा कडकपणा बदलत नाही, फक्त गाडी उभी राहण्याची उंची बदलते. उंची वाढली तेवढी खाली लटकण्याची हालचाल कमी झाली. आता चाक खड्ड्यात उतरायला लागले की आर्म (चाक धरणारा हात) लगेच खालच्या रबरी गुटक्यावर आपटतो. तोच तुमचा ‘खाड’.

पुढची बाजू जॅकने उचलून बारवरचा ताण काढा आणि मगच बोल्ट सोडा. भाराखाली फिरवले तर आटे जातात. दोन्ही बाजू सारख्याच आट्यांनी सैल करा, गाडी खाली घ्या, थोडी पुढे-मागे चालवून बसू द्या आणि चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंतचे माप दोन्हीकडे सारखे आले का बघा. चाकाच्या एकूण हालचालीपैकी निदान एक तृतीयांश खालच्या बाजूला उरली पाहिजे. गुटके फुटले असतील तर बदला. ते स्वस्त आहेत, आणि नसले तर लोखंडावर लोखंड आपटते. वरचा गुटका लागतो का, ते पाहायला त्यावर कणकेचा छोटा गोळा चिकटवून नेहमीच्या रस्त्याने एक फेरी मारा. गोळा चपटा झाला असेल तर गाडी वरही आपटते आहे, आणि मग पुढचे शॉकअप तपासायला हवेत. उंची पक्की झाल्यावरच अलाइनमेंट करा, आधी केलेली वाया जाते.